न्यायाधीश बदलून मिळेल का?

खटला चालविणाऱ्या न्यायाधीशाला दूर करण्याचा अपील न्यायालयाचा अधिकार किती, आणि तो कोठे थांबतो?

विशेष प्रतिनिधी

बलाढ्य मायक्रोसॉफ्ट कंपनीचे दोन तुकडे करावेत, असा आदेश ज्या न्यायाधीशांनी दिला, त्यांनाच त्या खटल्यातून दूर करण्याचा निर्णय वॉशिंग्टन येथील संघराज्य अपील न्यायालयाने २८ जून २००१ रोजी दिला. सात न्यायाधीशांच्या पीठाचा हा निर्णय एकमताचा होता. न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी खटला त्यांच्यासमोर प्रलंबित असतानाच काही निवडक पत्रकारांना खासगीत मुलाखती दिल्या होत्या. अंतिम आदेश होईपर्यंत त्यातील मजकूर प्रसिद्ध करायचा नाही, अशी अट होती. या मुलाखतींत त्यांनी कंपनीचे संस्थापक बिल गेट्स यांची तुलना नेपोलियनशी केली आणि कंपनीच्या वर्तनाविषयी बोलताना एका गुन्हेगारी टोळीचा दाखला दिला. न्यायाधीशांच्या आचारसंहितेचा हा भंग हेतुपुरस्सर, वारंवार आणि उघडउघड झाला आहे, असे अपील न्यायालयाने कठोर शब्दांत नमूद केले.

मात्र त्याच निकालपत्राचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. एवढे ताशेरे ओढल्यानंतरही अपील न्यायालयाने जॅक्सन यांचे सारे काम रद्द केले नाही. ७६ दिवसांच्या सुनावणीनंतर त्यांनी नोंदविलेले वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष तसेच ठेवले. कंपनीने आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवून धरली, हा त्यांच्या निर्णयाचा गाभाही अपिलात बहुतांशी टिकला. न्यायाधीश अपात्र ठरले, पण त्यांच्या कामाचा मोठा भाग ग्राह्य राहिला. हे वरकरणी विसंगत वाटते. त्यामागे एक तत्त्व आहे आणि कोर्टाची पायरी कधीतरी चढावी लागणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घेण्यासारखे आहे.

'या न्यायाधीशांपुढे मला न्याय मिळणार नाही' ही भावना पक्षकारांत नवी नाही. कधी ती रास्त असते, कधी केवळ एखादा आदेश विरोधात गेल्याचा राग असतो. या दोहोंत फरक करण्याचे काम वरिष्ठ न्यायालयाला करावे लागते. त्याने हा अधिकार वापरलाच नाही, तर पक्षपाती न्यायाधीशापुढे अडकलेल्या माणसाला कोणी वाली राहत नाही. उलट तो सढळ हाताने वापरला, तर ज्याच्याकडे पैसा आणि चांगले वकील आहेत, तो मनासारखा न्यायाधीश मिळेपर्यंत अर्ज करीत राहील. शिवाय लोकांना न आवडणारा निकाल देण्याचे धैर्य कनिष्ठ न्यायाधीशांत उरणार नाही. म्हणून या अधिकाराला चार प्रश्नांच्या मर्यादा घालण्यात आल्या आहेत. कारण कोणते? परिणाम किती मागे जाणार? कोणाचे म्हणणे ऐकणार? आणि हस्तक्षेपाची वेळ कोणती?

अधिकाराचे मूळ

अमेरिकेतील संघराज्य न्यायव्यवस्थेत ९४ जिल्हा न्यायालये आहेत आणि त्यांच्यावर १३ अपील न्यायालये. आपल्याकडील दिवाणी किंवा सत्र न्यायालयाप्रमाणे साक्षीपुरावा नोंदवून खटला चालविण्याचे काम तेथील जिल्हा न्यायालयांकडे असते. या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेटची त्याला संमती लागते आणि सद्वर्तन असेपर्यंत ते पदावर राहतात. महाभियोगाखेरीज त्यांना पदावरून हटविता येत नाही. अपील न्यायालय हे त्यांचे वरिष्ठ असले, तरी त्यांचे मालक नव्हे. ते न्यायाधीशाला नोकरीतून काढू शकत नाही; एका विशिष्ट खटल्यातून बाजूला करू शकते, एवढेच. गैरवर्तनाच्या तक्रारींसाठी १९८० च्या कायद्याने वेगळी चौकशीची व्यवस्था केलेली आहे. खटला दुसऱ्याकडे सोपविणे ही त्यामुळे शिक्षा मानली जात नाही. त्या खटल्याचे हित हाच तिचा हेतू असतो.

न्यायाधीशाने स्वतःहून केव्हा दूर व्हावे, हे तेथील कायद्याने सांगितले आहे. संघराज्य न्यायालयांविषयीच्या संहितेतील कलम ४५५ मध्ये १९७४ साली मोठी दुरुस्ती झाली. ज्या प्रकरणात न्यायाधीशाच्या निःपक्षपातीपणाविषयी वाजवी शंका घेतली जाऊ शकते, त्या प्रकरणातून त्याने दूर व्हावे, असे त्या कलमाचे पहिले पोटकलम सांगते. आर्थिक हितसंबंध, पक्षकाराशी नाते, वकील म्हणून त्याच प्रकरणात पूर्वी केलेले काम अशी निश्चित कारणे दुसऱ्या पोटकलमात दिली आहेत. पहिल्या प्रकारात सर्व वस्तुस्थिती उघड झाल्यानंतर पक्षकार आपली हरकत सोडून देऊ शकतात. दुसऱ्या प्रकारात मात्र पक्षकारांची संमतीही चालत नाही.

याखेरीज, अपिलाचा निकाल देताना पुढील कामकाज कसे व्हावे याविषयी न्याय्य ते निर्देश देण्याचा सर्वसाधारण अधिकार कलम २१०६ ने अपील न्यायालयांना दिला आहे. खटला परत पाठविताना 'तो दुसऱ्या न्यायाधीशापुढे चालवावा' असे ते सांगू शकतात, ते या कलमाच्या आधारे. शब्दरचना व्यापक असली, तरी निकालांनी या अधिकाराला चौकट घातली आहे.

विरोधी निकाल म्हणजे पूर्वग्रह नव्हे

पहिली मर्यादा कारणाची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली 'लिटेकी' प्रकरणात ती स्पष्ट केली. फोर्ट बेनिंग या लष्करी तळावर निदर्शने करणाऱ्या काही शांततावादी कार्यकर्त्यांचे हे प्रकरण होते. त्यांच्यापैकी एकाचा १९८३ मधील खटला त्याच न्यायाधीशांपुढे चालला होता. त्या खटल्यातील न्यायाधीशांचे बोलणे आणि वागणे पाहता त्यांच्या मनात आकस आहे, असा आरोपींचा दावा होता.

सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. न्यायाधीशाने दिलेले आदेश हे केवळ विरोधात गेले म्हणून पूर्वग्रहाचा पुरावा जवळपास कधीच ठरत नाहीत; त्यांच्यावरचा उपाय म्हणजे अपील, असे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी लिहिले. खटला ऐकताना, समोर आलेल्या पुराव्यावरून न्यायाधीशाचे एखाद्याविषयी प्रतिकूल मत बनले, तर त्यात गैर काही नाही. मत बनविण्यासाठीच त्याला तेथे बसविलेले असते. भर न्यायालयात व्यक्त झालेली अधीरता, नाराजी, क्वचित चिडचीडही यात बसते. अपात्रतेसाठी सामान्यतः न्यायालयाबाहेरून आलेला पूर्वग्रह लागतो, किंवा मग न्याय्य निर्णय अशक्य व्हावा इतकी खोल अढी वा पक्षप्रेम दिसावे लागते.

अपिलानंतर खटला परत पाठविताना न्यायाधीश बदलावा की नाही, यासाठी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १९७७ साली 'रॉबिन' प्रकरणात तीन कसोट्या सांगितल्या. चुकीची ठरलेली आपली आधीची मते बाजूला ठेवणे त्या न्यायाधीशाला खरोखर जमेल का? न्याय होतो आहे असे दिसण्यासाठी बदल आवश्यक आहे का? आणि बदल केल्यास वाया जाणारा वेळ व श्रम हे त्यातून होणाऱ्या लाभाच्या मानाने फार जास्त तर नाहीत ना? तिसरी कसोटी व्यवहाराची आहे. अनेक महिने साक्षी ऐकलेल्या न्यायाधीशाच्या जागी नवा आला, की साक्षीदारांना पुन्हा बोलवावे लागू शकते, आणि त्यात पक्षकाराचा वेळ व पैसा जातो.

मायक्रोसॉफ्टच्याच बाबतीत हा प्रश्न पूर्वीही आला होता. सरकार आणि कंपनी यांच्यातील तडजोडीला न्यायाधीश स्टॅन्ली स्पॉर्किन यांनी संमती नाकारली, तेव्हा १९९५ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश फिरविला आणि प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशाकडे देण्यास सांगितले. न्यायालयात दाखल नसलेल्या, कंपनीविषयीच्या एका पुस्तकाचा स्पॉर्किन यांनी आधार घेतला होता. म्हणजे येथेही पूर्वग्रहाचे मूळ न्यायालयाबाहेरचे होते. ते प्रकरण मग ज्यांच्याकडे गेले, ते न्यायाधीश म्हणजे थॉमस पेनफील्ड जॅक्सन. सहा वर्षांनी त्याच कंपनीच्या पुढच्या खटल्यातून त्यांनाही दूर व्हावे लागले.

परिणाम किती मागे जाणार?

दुसरी मर्यादा व्याप्तीची. न्यायाधीश अपात्र ठरला, की त्याने दिलेला प्रत्येक आदेश आपोआप रद्द होतो का? अमेरिकी कायदा याचे सरसकट उत्तर देत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली 'लिल्येबर्ग' प्रकरणात याचा विचार केला. एका रुग्णालयाच्या मालकीविषयीचा हा वाद होता. निकाल देणारे न्यायाधीश ज्या विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर होते, त्या विद्यापीठाचा जमिनीच्या व्यवहारामुळे या वादात हितसंबंध होता. निकाल देताना ही गोष्ट आपल्या ध्यानात नव्हती, असे न्यायाधीशांचे म्हणणे होते. तरीही पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल रद्द झाला. मात्र असा निकाल रद्द करण्यापूर्वी तीन गोष्टी तोलून पाहाव्यात, असे न्यायालयाने सांगितले: या पक्षकारांवर अन्याय होण्याचा धोका, इतर खटल्यांत अन्याय होण्याचा धोका, आणि जनतेचा न्यायसंस्थेवरील विश्वास ढळण्याचा धोका.

हीच तागडी मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात वापरण्यात आली. जॅक्सन यांनी ५ नोव्हेंबर १९९९ रोजी वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष, ३ एप्रिल २००० रोजी कायद्याचे निष्कर्ष आणि ७ जून २००० रोजी कंपनीच्या विभाजनाचा आदेश दिला होता. निष्कर्षांत प्रत्यक्ष पक्षपाताचा पुरावा अपील न्यायालयाला आढळला नाही. मात्र निःपक्षपातीपणाच्या देखाव्याला गंभीर तडा गेला होता. त्यामुळे त्यांची अपात्रता विभाजनाच्या आदेशाच्या तारखेपासून लागू करण्यात आली. त्याआधीचे काम शाबूत राहिले. विभाजनाचा आदेश रद्द होण्यास इतर कारणेही होती. उपाययोजनेवर स्वतंत्र पुरावा ऐकलेला नव्हता, पुरेशी कारणमीमांसा दिलेली नव्हती आणि अपिलात कंपनीवरील ठपक्याची व्याप्तीही कमी झाली होती.

खटला पुढे न्यायाधीश कॉलीन कोलर-कोटेली यांच्याकडे गेला. नोव्हेंबर २००१ मध्ये केंद्र सरकार आणि कंपनी यांच्यात तडजोड झाली आणि कंपनी अखंड राहिली. सारे काम रद्द झाले असते, तर खटला पुन्हा पहिल्या साक्षीदारापासून सुरू करावा लागला असता. न्यायाधीशाच्या चुकीची किंमत समोरच्या पक्षकाराने किती मोजावी, हा यातला खरा प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्ट प्रकरणात अपील न्यायालयाने त्याचे उत्तर दिले ते असे, की दोष जेवढा, उपाय तेवढाच.

न्यायाधीशाचे म्हणणे कोण ऐकणार?

तिसरी मर्यादा पद्धतीची. ती किती नाजूक आहे, हे न्यूयॉर्कमधील २०१३ च्या घटनांनी दाखवून दिले.

रस्त्यावर लोकांना अडवून त्यांची झडती घेण्याच्या न्यूयॉर्क पोलिसांच्या पद्धतीविरुद्ध हा दावा होता. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात पोलिसांनी ४४ लाखांहून अधिक वेळा लोकांना अडविले होते. त्यांत ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय वा लॅटिनो होते. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी १२ ऑगस्ट २०१३ रोजी ही पद्धत ज्या रीतीने राबविली जात होती ती घटनाबाह्य ठरविली. शहर प्रशासन अपिलात गेले.

अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी त्या आदेशाला स्थगिती दिली. त्याच आदेशात, कोणत्याही पक्षकाराने मागणी केलेली नसताना, हे प्रकरण शाइंडलिन यांच्याकडून काढून दुसऱ्या न्यायाधीशाकडे देण्याचे निर्देशही दिले. २००७ मध्ये आधीच्या एका दाव्याच्या सुनावणीत, नवा दावा संबंधित प्रकरण म्हणून आपल्याकडे आणता येईल, असे त्यांनी वकिलांना सुचविले होते. तसेच खटला चालू असताना प्रसारमाध्यमांना मुलाखती दिल्या होत्या, ही कारणे देण्यात आली. आदेशापूर्वी न्यायाधीशांना खुलाशाची संधी मिळाली नाही.

त्यावरून कायदेतज्ज्ञांत मोठा वाद झाला. शाइंडलिन यांच्या बाजूने वकिलांनी अपील न्यायालयात उभे राहण्याची परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. मात्र १३ नोव्हेंबर रोजी त्याच पीठाने सविस्तर निकालपत्र देऊन स्पष्टीकरण केले. शाइंडलिन यांनी गैरवर्तन केले किंवा नीतिनियम मोडले, असा आपला निष्कर्ष नाही. प्रश्न केवळ निःपक्षपातीपणाच्या दिसण्याचा आहे, असे पीठाने म्हटले. पुढे त्याच महिन्यात, त्यांचे निर्णय सरळ रद्दबातल करावेत ही शहर प्रशासनाची विनंतीही अपील न्यायालयाने फेटाळली. म्हणजे न्यायाधीश बदलल्या, निर्णय मात्र कायम राहिला. जानेवारी २०१४ मध्ये शहराच्या नव्या महापौरांनी अपील मागे घेऊन तडजोड करण्याचे जाहीर केले.

खटल्यात न्यायाधीश पक्षकार नसतो, त्यामुळे त्याला बाजू मांडण्याचा हक्क नाही, हा तर्क कायद्याच्या दृष्टीने योग्य म्हणता येईल. पण न मागितलेला आणि न ऐकता दिलेला आदेश माणसाच्या नावावर डाग ठेवून जातो आणि दोन आठवड्यांनी आलेले स्पष्टीकरण तो पुरता पुसू शकत नाही. अपील न्यायालयालाही देखाव्याचा नियम लागू होतो, हा या प्रकरणाचा धडा.

आधी निर्णय, मग हस्तक्षेप

चौथी मर्यादा वेळेची. न्यायाधीशाने अजून काही ठरविलेलेच नसेल, तर वरिष्ठ न्यायालयाने मध्येच हात घालावा का?

राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मायकेल फ्लिन यांनी तपास यंत्रणेला खोटी माहिती दिल्याचा गुन्हा डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केला होता. मे २०२० मध्ये सरकारनेच खटला मागे घेण्याची विनंती केली. न्यायाधीश एमेट सुलिव्हन यांनी ती तत्काळ मान्य न करता, सरकारच्या विनंतीविरुद्धची बाजू मांडण्यासाठी एका निवृत्त न्यायाधीशाला न्यायमित्र नेमले. फ्लिन परमादेशासाठी अपील न्यायालयात गेले. खटला बंद करण्याचा आदेश द्यावा, नाहीतर न्यायाधीश बदलावा, अशी त्यांची मागणी होती.

तीन न्यायाधीशांच्या पीठाने २४ जून २०२० रोजी दोन विरुद्ध एक मताने खटला बंद करण्यास सांगितले. पण न्यायाधीश बदलण्यास त्या पीठानेही नकार दिला. त्यानंतर प्रकरण पूर्णपीठापुढे गेले आणि ३१ ऑगस्ट रोजी आठ विरुद्ध दोन मतांनी चित्र पालटले. न्यायाधीशाने अद्याप निर्णयच दिलेला नाही. तो विरोधात गेल्यास दाद मागण्याचे मार्ग मोकळे आहेत. म्हणून परमादेशासारखा अपवादात्मक उपाय आताच वापरता येणार नाही, असे पूर्णपीठाने म्हटले. पूर्णपीठाकडे फेरविचाराची विनंती स्वतः सुलिव्हन यांनी केल्यामुळे ते आता पक्षकारच झाले आहेत, हा युक्तिवादही मान्य झाला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी फ्लिन यांना माफी दिली आणि डिसेंबरमध्ये प्रकरण निकाली निघाले.

मात्र थांबण्यालाही मर्यादा असते. कॅलिफोर्निया राज्यात याचे उलट टोक दिसते. तेथे न्यायाधीशाच्या अपात्रतेविषयीचा निर्णय नंतरच्या अपिलात उकरून काढता येत नाही. निर्णय कळल्यापासून दहा दिवसांत परमादेशासाठी अर्ज करावा लागतो. निकाल काय लागतो ते पाहू, विरोधात गेला तर न्यायाधीशावर आक्षेप घेऊ, हा डाव त्यामुळे खेळता येत नाही. त्याच राज्यात पक्षकाराला एकदा, पूर्वग्रहाचा तपशील न देता केवळ प्रतिज्ञेवर, न्यायाधीश बदलून मागण्याची मुभाही आहे. सवलत दिली, पण एकदाच आणि ठरावीक मुदतीत.

आपल्याकडे काय?

भारतात उच्च न्यायालयांचा अधिकार या बाबतीत अमेरिकी अपील न्यायालयांपेक्षा व्यापक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार कनिष्ठ न्यायालयांवर प्रशासकीय नियंत्रणही त्यांचेच असते. फौजदारी खटला एका न्यायालयाकडून दुसऱ्याकडे वर्ग करण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४०६ ते ४०८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ४४६ ते ४४८ मध्ये आली आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात खटला वर्ग करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला, राज्यांतर्गत उच्च न्यायालयाला आणि आपल्या विभागापुरता सत्र न्यायाधीशाला आहे. दिवाणी दाव्यांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम २४ आहे. त्यानुसार उच्च न्यायालय किंवा जिल्हा न्यायालय कोणत्याही टप्प्यावर, पक्षकाराच्या अर्जावर नोटीस देऊन किंवा नोटिशीविना स्वतःहूनही, दावा वर्ग करू शकते.

कारणाची कसोटी मात्र अमेरिकेसारखीच आहे. पक्षपात प्रत्यक्ष सिद्ध करण्याची गरज नाही. वाजवी भीती पुरते. पण ती भीती वाजवी हवी. न्याय मिळणार नाही असे वाटते, एवढे म्हणणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये गुरुचरण दास चढ्ढा प्रकरणात सांगितले. मुंबईच्या महानगर दंडाधिकाऱ्यांपुढील अब्रुनुकसानीचा खटला दिल्लीला न्यावा, अशी मनेका गांधी यांची मागणीही याच भूमिकेतून फेटाळण्यात आली. पक्षकाराचा हळवेपणा किंवा सोयगैरसोय हा खटला हलविण्याचा आधार होऊ शकत नाही. न्यायदानालाच धोका असल्याचे दिसले पाहिजे, असे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या निकालाचे सार होते.

असा धोका दिसला, तर न्यायालय किती दूर जाऊ शकते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. वडोदरा येथील बेस्ट बेकरी प्रकरणात २००३ मध्ये सर्व २१ आरोपी निर्दोष सुटले आणि गुजरात उच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००४ रोजी दोन्ही निकाल रद्द करून खटला महाराष्ट्रात नव्याने चालविण्याचा आदेश दिला. साक्षीदार फिरत असताना न्यायालयाने मूक प्रेक्षक बनून चालत नाही, असे त्या निकालात बजावण्यात आले. मुंबईतील फेरखटल्यात फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांपैकी चौघांची शिक्षा कायम ठेवली. त्या प्रकरणात न्यायाधीश बदलून भागण्यासारखे नव्हते. ठिकाणच बदलावे लागले. असा आदेश अपवादानेच दिला जातो.

न्यायाधीशाच्या नावाचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्याही ध्यानात आलेला आहे. 'के' या आद्याक्षराने ओळखल्या जाणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याच्या प्रकरणात २००१ मध्ये न्यायालयाने वरिष्ठ न्यायालयांना संयमाचा सल्ला दिला. कनिष्ठ न्यायाधीशाची चूक दुरुस्त करावी. पण त्याला न ऐकता निकालपत्रातच त्याच्यावर ताशेरे ओढणे टाळावे, गरज पडल्यास प्रशासकीय मार्गाने स्वतंत्रपणे लक्ष घालावे, असे त्याचे तात्पर्य.

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींची गोष्ट वेगळी. तेथे 'नॉट बिफोर मी' म्हणून बाजूला होणे हा बव्हंशी त्या न्यायमूर्तींच्या विवेकाचा प्रश्न आहे. न्यायाधीश नियुक्ती आयोगाच्या प्रकरणात २०१५ मध्ये आणि भूसंपादनाच्या प्रकरणात २०१९ मध्ये अशी मागणी झाली, तेव्हा संबंधित न्यायमूर्तींनी दूर होण्यास नकार दिला.

पक्षकाराने काय ध्यानात ठेवावे?

ज्याला खरोखरच भीती वाटते, त्याच्यासाठी वाट आहे; पण ती ठरलेली आहे. एकाच सत्र विभागातील फौजदारी खटला वर्ग करायचा असेल, तर आधी सत्र न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. तेथे नकार मिळाल्यावरच उच्च न्यायालयाचे दार उघडते. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागते. त्यात 'न्यायाधीश माझ्या विरोधात आहेत' एवढे वाक्य उपयोगी पडत नाही. काय घडले, कोणत्या तारखेला घडले, पक्षकाराशी किंवा वकिलाशी कोणते नाते वा व्यवहार आहे, हे लिहावे लागते. जामीन नाकारला, तारीख दिली नाही, साक्षीदाराला प्रश्न विचारू दिला नाही, या गोष्टी चुकीच्या असतील, तर त्यांच्यासाठी पुनरीक्षण किंवा अपील आहे. निरर्थक अर्ज करणाऱ्याकडून विरुद्ध बाजूला भरपाई देवविण्याची तरतूदही कायद्यात आहे.

आक्षेप असेल तर तो कळताच घ्यावा. निकालानंतर आठवलेल्या आक्षेपाकडे न्यायालये संशयाने पाहतात.

न्यायाधीशांच्या बाजूनेही एक पथ्य यातून निघते. जॅक्सन यांनी पत्रकारांशी केलेले बोलणे, स्पॉर्किन यांनी वाचलेले पुस्तक, शाइंडलिन यांनी दिलेल्या मुलाखती, या सगळ्यांत गोत्यात आणणारी गोष्ट न्यायालयाच्या भिंतीबाहेरची होती. खटल्यात पुराव्यावरून दिलेल्या कठोर निर्णयामुळे न्यायाधीश सहसा अडचणीत येत नाही, आणि त्याने येऊही नये. त्याची सुरक्षितता आणि पक्षकाराची सुरक्षितता एकाच सीमारेषेवर अवलंबून आहे. वरिष्ठ न्यायालयाने ती रेषा कोठे आखली, हे प्रत्येक प्रकरणात कारणांसह सांगितले पाहिजे; कारण न्यायाधीश बदलण्याचा आदेश हाही शेवटी एक निकालच असतो आणि त्यालाही लोक निःपक्षपातीपणाच्याच कसोटीवर पारखतात.